झळा शब्दाचा पुरावा

वराळ्याच्या प्रतीक्षाला इंटरनेटवरच्या मुक्त ज्ञानकोशात लिहायचा नाद लागला तो तिच्या भागूआत्यामुळे, आणि त्याचा भागूआत्याला बरेच दिवस पत्ताही नव्हता.

भागूआत्या लोणावळ्यात एका चिक्कीच्या कारखान्यात पॅकिंगला होती. वय एकोणपन्नास. गेल्या उन्हाळ्यापासून तिला मधेच काहीतरी व्हायचं. बसल्या जागी छातीतून गरम लोट उठायचा, मानेवरून कानापर्यंत चढायचा, ब्लाऊज घामानं चिंब आणि काळीज धाडधाड. दोन मिनिटांत सगळं शांत. तिनं स्वतःच निकाल लावला, आपलं हृदय गेलं. दोनदा ईसीजीची पट्टी काढून झाली, रक्त झालं, छातीचा फोटो झाला, सगळं ठीक. शेवटी प्रतीक्षानं तिला कामशेतला डॉक्टर चैतालीकडे नेलं. ही डॉक्टर म्हणजे प्रतीक्षाची शाळेतली मैत्रीण. तिनं चार प्रश्न विचारले आणि हसून म्हणाली, "आत्या, हृदय ठणठणीत आहे. तुमची पाळी जायची वेळ आलीय, एवढंच."

"एवढंच?" आत्या म्हणाली. "आन् मी सा महिने मरायची तयारी करतीय!"

परतीच्या गाडीत प्रतीक्षानं मोबाईलवर मराठीत 'रजोनिवृत्ती' शोधलं. ज्ञानकोशात पान होतं, पण चार ओळींचं, आणि त्यातली दुसरी ओळ अशी: 'हा स्त्रियांना चाळिशीनंतर होणारा आजार आहे.' प्रतीक्षा गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटीला होती. केसाएवढा फरक दिसला तरी अख्खा माल परत पाठवणारी बाई. तिच्या मस्तकात तिडीक गेली. पानावर 'संपादन' असं लिहिलेलं बटण होतं. ते आपल्यासाठी नसणार असं धरूनच तिनं दाबलं, तर पान उघडलं! तिनं 'होणारा आजार' खोडून 'येणारी नैसर्गिक अवस्था' केलं, 'हा'ची 'ही' केली आणि बदल जतन केला. वडगाव यायच्या आत तिला निरोप आला: 'स्वागत. बदल योग्य आहे. संदर्भ जोडा. – राजेंद्र, लोणावळा.'

हे राजेंद्रकाका रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त झालेले. नोकरीत असल्यापासून, अकरा वर्षं ते ज्ञानकोशात लिहीत होते, सगळं रेल्वेवर. स्टेशनं, घाटातले बोगदे, कुठल्या साली कुठला पूल. नियम तोंडपाठ. प्रतीक्षानं चैतालीला ओढलं, राजेंद्रकाकांनी दोघींना नियम शिकवले, आणि चार ओळींच्या पानाचा मोठा लेख करायचा असं ठरलं. चैताली दवाखान्यातल्या रिकाम्या वेळात वैद्यकीय मजकूर लिहायची, प्रतीक्षा तो भागूआत्याला कळेल अशा मराठीत आणायची. राजेंद्रकाका पहिल्यांदा खूप संकोचले. "मी बाबा फक्त विरामचिन्हं बघतो," म्हणाले. महिनाभरानं मात्र तेच फोन करून विचारायला लागले, झोप का उडते, चिडचिड का होते. एकदा बोलता बोलता थांबले आणि म्हणाले, "आमची ही थंडीत पंखा लावून बसायची. दोन वर्षं. मी ओरडायचो तिच्यावर, वीजबिल येतंय म्हणून. आता सांगायला ती नाही." मग लगेच, "तिसऱ्या परिच्छेदात स्वल्पविराम राहिलाय."

चार महिन्यांत लेख असा झाला, की तो निवडक लेखांच्या यादीसाठी सुचवला गेला. निवड झाली की लेख ज्ञानकोशाच्या मुखपृष्ठावर झळकतो. प्रतीक्षा कंपनीत मापाचं गेज हातात धरून स्वतःशीच हसायला लागली होती.

आणि डिसेंबरातल्या एका शनिवारी केरबांची टिप्पणी आली.

केरबा म्हणजे लेख तपासणाऱ्यांपैकी एक. कुठले, कोण, कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यांनी लेखाच्या चर्चापानावर लिहिलं होतं: 'लेख उत्तम. मात्र अंगातून अचानक उठणाऱ्या उष्णतेसाठी "झळा" हा शब्द सत्तावीस वेळा आला आहे. या अर्थानं त्याला छापील संदर्भ एकही नाही. आपण इथे शब्द घडवत नाही. रविवारी संध्याकाळी सहाला परीक्षण बंद होईल. तोवर संदर्भ द्यावा, अन्यथा पूर्वीचा "उष्ण लालिमा" हा शब्द परत ठेवावा.'

"उष्ण लालिमा!" प्रतीक्षा फोनवर ओरडली. "काका, ही काय लिपस्टिक आहे?"

"ओरडून उपयोग नाही," राजेंद्रकाका म्हणाले. "माणूस नियमानं बोलतोय. उद्या सकाळी घरी ये."

रविवारी दहाच्या सुमारास ती भांगरवाडीत त्यांच्या घरी पोचली. "जय भीम काका," म्हणत चपला काढल्या, तर बैठकीत पाय ठेवायला जागा नव्हती. काकांनी घरातले आणि शेजारचे मिळून सहा शब्दकोश जमिनीवर मांडले होते. प्रत्येकात झळ होती, पण ती विस्तवाची, नाहीतर वैशाखातल्या वाऱ्याची. बाईच्या अंगातली एकातही नव्हती. चैतालीला फोन लावला. ती एका तपासणी शिबिरात होती. "माझी सगळी पुस्तकं इंग्रजी गं," ती म्हणाली. "बायका माझ्याकडे येऊन झळाच म्हणतात, पण माझ्या कानांचा संदर्भ चालणार नाही ना?"

"नाही चालणार," काका मागून म्हणाले.

शेवटी प्रतीक्षानं भागूआत्याला फोन लावला. "आत्या, झळा हा शब्द तू कुठून शिकलीस?"

"शिकायचं काय त्यात? समद्या बायका म्हणत्यात."

"कुठं छापलेला पाहिलायस का?"

"छापलेला?" आत्या हसली. "थांब गं. माझ्या लग्नाच्या आदी गावात एक बाई यायची. बायांना गोळा करून पुस्तक वाचून दाखवायची, पाळीचं, बाळंतपणाचं. आमी पोरी तोंड लपवून हसायचो. त्या पुस्तकात व्हतं झळा. म्हातारीनं इचारलं व्हतं, झळा म्हंजी काय चूल हाय का बाई? त्यावरनं लय हसलो व्हतो."

प्रतीक्षा उभीच राहिली. "कोण बाई? कुठली?"

"नंदाबाई. लोहगडवाडीची. आता तितंच हाटेल हाय तिचं, गडाच्या वाटंला."

काकांनी गाडीची किल्ली आधीच उचलली होती.

काकांची स्कूटर कधी चाळीसच्या वर गेली नव्हती, ती त्या दिवशी गेली. कार्ला फाटा, मळवली, भाजे, आणि मग चढ. थंडीतला रविवार म्हणजे अख्खं पुणं गडावर निघालेलं. खिंडीच्या अलीकडे गाड्यांची रांग लागली होती. काका एरवी रांग मोडणाऱ्याला भाषण देणारे, पण त्या दिवशी कडेकडेनं, "सरका, सरका, काम आहे," करत पुढं निघाले. प्रतीक्षा मागं बसून हसत होती. शब्दाच्या मागं कुणी स्कूटरवरून लागलेलं तिनं ऐकलं नव्हतं.

नंदाबाईचं हॉटेल म्हणजे पत्र्याचं छप्पर, चार बाकं आणि एक मोठी चूल. वय पासष्टच्या पुढं, पण भाकरी थापताना हात दिसत नव्हते. समोर वीस-पंचवीस पोरंपोरी पिठलं-भाकरीसाठी खोळंबलेली. प्रतीक्षानं धापा टाकत सगळं सांगितलं. ज्ञानकोश, लेख, झळा, सहा वाजता मुदत.

नंदाबाईनं मान वर केली नाही. "पुस्तक हाय. पर रविवारी धंद्याच्या टायमाला मी पेटी उचकत न्हाई. बसा, खा, मंग बघू."

"मावशी, सहाला..."

"आता एक वाजलाय. तुला घाई आसंल तर तो कांदा चिर."

मग काय, प्रतीक्षानं कांदा चिरायला घेतला. राजेंद्रकाकांनी बाह्या सरसावल्या आणि ताटं नेऊन द्यायला लागले. गिऱ्हाइकांची नावं, किती भाकरी, कुणाला ताक, सगळं ते खिशातल्या वहीत वेळेसकट टिपत होते, अगदी सिग्नलच्या नोंदवहीसारखं. नंदाबाई एकदा त्यांच्याकडे बघून म्हणाली, "तुमी रोज येत जा की." डोळ्यांतून पाणी काढत प्रतीक्षा दर पाच मिनिटांनी घड्याळ बघत होती. अडीचला गर्दी ओसरली. नंदाबाईनं हात धुतले, पदराला पुसले आणि आतून पत्र्याची पेटी बाहेर ओढली.

पुस्तिका होती. हातभर धाग्यानं बांधलेली, कडा उंदरांनी चाखलेल्या. प्रतीक्षाची बोटं पानांवरून पळत सुटली. सातवं, बारावं, एकोणीस, आणि बाविसाव्या पानावर एका बाईचं रेखाचित्र, पदरानं वारा घेणारं, आणि खाली ठळक अक्षरांत: 'झळा येणे. पाळी जायच्या दिवसांत अनेक बायांना अंगातून एकाएकी झळा येतात. हा ताप नव्हे.'

"काका!" ती एवढ्यानं किंचाळली, की बाकावरच्या पोरांनी चहा सांडला. "काका, आहे! छापलेलं आहे!"

काकांनी चष्मा वर केला, वाचलं, पुन्हा वाचलं, आणि मग त्यांनी पुस्तिका उलटून पुढची बाजू पाहिली. चेहरा उतरला. "मुखपृष्ठ? प्रकाशक? साल?"

पहिली चार पानंच नव्हती.

"नातवांनी कागदाची इमानं केली," नंदाबाई म्हणाली. "साल मला तोंडपाठ हाय. चौऱ्याण्णव."

"मावशी, तुमचं तोंडपाठ चालत नाही हो," काका अगदी केविलवाणे झाले. "माझंही चालत नाही."

प्रतीक्षा मात्र पानांकडेच बघत होती. कंपनीत खरडलेल्या नंबरावरून माल ओळखायची तिला सवय होती. प्रत्येक डाव्या पानाच्या माथ्यावर बारीक अक्षरांत एकच ओळ छापली होती: 'पाळी येते, पाळी जाते.' "हे नाव असणार पुस्तकाचं," ती म्हणाली. "ग्रंथालयाच्या यादीत शोधू."

रेंज नव्हती. ती मिळते गडाच्या पहिल्या पायऱ्यांशी, असं बाकावरच्या एका पोरीनं सांगितलं. दोघं धावले. काका बासष्ट वर्षांचे, पण पायऱ्यांपर्यंत प्रतीक्षाच्या पुढं होते. पुण्यातल्या एका ग्रंथालयाची यादी उघडायला चार मिनिटं लागली, ती त्यांना वर्षासारखी वाटली. मग पडद्यावर ओळ आली. 'पाळी येते, पाळी जाते. गावातील बायांसाठी आरोग्य पुस्तिका. प्रकाशक: मावळ स्त्री-आरोग्य मंडळ. १९९४. पृष्ठे ४८.'

"चौऱ्याण्णव!" काकांनी तिथंच पायरीवर टाळी वाजवली. खाली उतरणारी एक अख्खी सहल त्यांच्याकडे बघत थांबली. त्यांना कुठं पर्वा? त्यांनी तिथंच बसून संदर्भ टाकला. नाव, प्रकाशक, साल, पृष्ठ बावीस. सगळं स्वल्पविरामांसकट.

परत आले तर नंदाबाई शेवटचं पान उघडून रुसून बसली होती. आभाराच्या यादीत तिचं नाव होतं, पण 'नंदीबाई, लोहगडवाडी' असं. "तीस वरसं झाली," ती म्हणाली. "मी तव्हाच सांगितलं व्हतं. म्हनले, पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करू. पुढची आवृत्ती काय आली न्हाई." मग पुस्तिका मिटून तिनं प्रतीक्षाकडे बघितलं. "आता तुमी काय लिवलंय ते वाचून दाखवा. मी बी बघते."

पायऱ्यांशी असताना लेख मोबाईलवर उघडला होताच. प्रतीक्षानं वाचायला घेतलं. नंदाबाई संध्याकाळच्या भज्यांचं पीठ कालवत ऐकत होती. पाळी मागंपुढं होणं, झळा, झोप, हाडं, आहार, व्यायाम, घरच्यांनी काय करावं. मधे मधे ती "व्हय" म्हणत होती. एकदा म्हणाली, "हे ब्येस लिवलंय." प्रतीक्षाच्या अंगावर मूठभर मांस चढलं. लेख संपला.

"झालं?" नंदाबाईनं विचारलं.

"झालं."

"आन् पाळी जाऊन वरीस झाल्यावर परत लाल गेलं तर?"

प्रतीक्षा लेख वरखाली सरकवत शोधायला लागली.

"तर काय करायचं, ते कुटं हाय?" नंदाबाईचे हात पिठात थांबले होते. "मंडळात आमाला पयल्या दिवशी तेच शिकिवलं व्हतं. बाकीचं इसरलं तरी चालंल, म्हणायच्या आमच्या बाई, पर हे न्हाई इसरायचं. परत लाल गेलं, थेंबभर जरी, तरी दवाखाना गाठायचा. बाया म्हणत्यात पाळी परत आली, आन् घरीच बसत्यात."

प्रतीक्षा पुन्हा पायऱ्यांकडे पळाली. तिथून तिनं चैतालीला फोन लावला. "अगं, ती ओळ मी पहिल्याच आठवड्यात टाकली होती!" चैताली म्हणाली. "धोक्याच्या खुणा म्हणून. नाहीये?" प्रतीक्षानं लेखाचा इतिहास उघडला. ज्ञानकोशात कुणी कधी काय बदललं याची नोंद राहते. ऑक्टोबरच्या तेरा तारखेला, लेख आटोपशीर करताना, एक अख्खा परिच्छेद उडाला होता. उडवणाऱ्याचं नाव प्रतीक्षा.

सत्तावीस झळा वाचवायला ती सकाळपासून रान उठवत होती, आणि जी ओळ बाईचा जीव वाचवते ती तिनंच काढून टाकली होती, जागा वाचवायला.

"रडायला वेळ नाही," चैताली फोनवर म्हणाली. "लिहून घे. आणि या वेळी खाली नको, अगदी वर, पहिल्या परिच्छेदाच्या पाठोपाठ."

चैताली सांगत गेली, प्रतीक्षा पायरीवर बसून टाइप करत गेली, काकांनी शेजारी बसून एकेक संदर्भ जोडला. 'पाळी थांबून एक वर्ष उलटल्यावर पुन्हा रक्तस्राव झाला, एकदाच आणि थोडासा झाला, तरीही तपासणी करून घ्यावी. बहुतेकदा कारण साधे असते. पण गर्भाशयाच्या कर्करोगाची ही पहिली खूण असू शकते आणि त्या टप्प्यावर उपचार चांगले होतात.' प्रतीक्षानं ते तीनदा मोठ्यानं वाचलं, भागूआत्याच्या कानांनी ऐकलं, आणि 'रक्तस्राव' शब्दानंतर 'लाल जाणे' असंही घातलं. ते पुस्तिकेत होतंच, पान चोवीस. बदल जतन केला तेव्हा पाच चाळीस झाले होते.

मग वाट बघणं. काका पायरीवरून उठेनात, रेंज जाईल म्हणून. गडावरून उतरणारे लोक त्यांना वळसा घालून जात होते. पाच बावन्नला फोन थरथरला.

'संदर्भ पाहिला. ग्रंथालयाच्या यादीतील नोंदही तपासली. "झळा" राहू द्यावा. धोक्याच्या खुणांचा भाग वर आणलात हे फार बरं केलं. तो नाही हे माझ्याही ध्यानात आलं नव्हतं, याची लाज वाटते. लेख निवडला जावा अशी शिफारस करतो. – केरबा.'

प्रतीक्षानं काकांना मिठीच मारली. काका आधी गांगरले, मग त्यांनी तिच्या डोक्यावर थापटलं आणि खाली बघून हाक मारली, "नंदाबाई! भजी टाका! चार प्लेट!"

बुधवारी लेख मुखपृष्ठावर आला. प्रतीक्षानं कंपनीच्या गेटवर सुरक्षारक्षकालाही तो दाखवला. भागूआत्यानं तर कमालच केली. कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत तिनं सगळ्या पॅकिंगवाल्या बायांना गोळा केलं, मोबाईल हातभर लांब धरला आणि अक्षर अक्षर लावत वाचायला सुरुवात केली. "माज्या भाचीनं लिवलंय," हे दर ओळीमागं एकदा. बाया हसत होत्या, एकमेकींना कोपरखळ्या मारत होत्या. फक्त अनिता हसत नव्हती. अनिता आत्याच्या शेजारच्या टेबलावर बसायची, चोपन्न वर्षांची, कमी बोलणारी. डबा झाकून ती म्हणाली, "भागू, ते परत वाच. लाल जायचं."

आत्यानं परत वाचलं.

"एकदाच झालं तर बी जायचं?"

"एकदाच, थोडंसं, असंच लिवलंय बघ." आत्यानं मोबाईल खाली केला. "का गं?"

"दिवाळीपासून तीनदा झालं," अनिता म्हणाली. "मला वाटलं, पाळी परत आली. कुणाला सांगायचं या वयात?"

दुसऱ्या दिवशी भागूआत्यानं रजा टाकली आणि अनिताला कामशेतला नेलं. चैतालीनं तपासून पुण्याला पाठवलं. सोनोग्राफी झाली, तुकडा काढून तपासणीला गेला. त्या दहा दिवसांत प्रतीक्षानं ज्ञानकोश उघडलासुद्धा नाही. मग एका दुपारी चैतालीचा फोन आला. प्रतीक्षा यंत्रांच्या आवाजातून बाहेर पळत आली.

"कर्करोगच आहे," चैताली म्हणाली, आणि घाईघाईनं पुढं, "पण अगदी सुरुवातीचा गं! पिशवीच्या बाहेर नाही गेलेला. मोठ्या डॉक्टरांशी बोलले मी. ऑपरेशननं भागेल म्हणाले. प्रतीक्षा, सहा महिन्यांनी आली असती तर मी तुला असा फोन करू शकले नसते."

प्रतीक्षा गेटजवळच्या कट्ट्यावर बसली. हसावं की रडावं कळेना, म्हणून तिनं राजेंद्रकाकांना फोन लावला.

जानेवारीत ऑपरेशन झालं. फेब्रुवारीच्या शेवटी अनिता हळूहळू चालत भागूआत्याच्या घरी आली. प्रतीक्षा तिथंच होती. अनितानं विचारलं, "ते वाक्य लिवलं कुणी? त्यांना चिक्की द्यायचीय."

"डॉक्टरनं लिहिलं," प्रतीक्षा म्हणाली. "मी खोडलं. नंदामावशींनी विचारलं म्हणून परत आलं, काकांनी पक्कं केलं, आणि केरबांनी संदर्भ मागितला नसता तर आम्ही नंदामावशींकडे गेलोच नसतो."

अनिता बोटांवर मोजत होती. "म्हंजी पाच पुडे."

"मला नको. मी खोडलं होतं."

"तू घे," अनिता म्हणाली. "परत लिवलंस न्हवं."

चार पुडे पोचते झाले. पाचव्याचं अडलं. प्रतीक्षानं केरबांच्या चर्चापानावर सगळं सविस्तर लिहिलं आणि शेवटी पत्ता विचारला. दोन दिवस काहीच आलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी, तळेगाव स्टेशनात गाडीची वाट बघताना, उत्तर आलं.

'पत्ता कुणाला देत नाही, राग नसावा. माझा पुडा त्या ताईंच्या घरी कुणी लहान असेल त्याला द्या. तुमचा निरोप मी दोनदा वाचला. मला आजवर वाटायचं, मी स्वल्पविराम तपासतो. असो. पुढचा लेख कुठला घेताय? या वेळी नुसतं तपासायचं नाही, लिहायला घ्या मला.'

प्रतीक्षानं ते वाचलं आणि गाडी येतेय इकडे लक्षही न देता तिघांचा एकत्र फोन लावला. चैताली म्हणाली रक्तक्षय, काका म्हणाले सर्पदंश, मग दोघं एकदमच बोलायला लागले, आणि प्रतीक्षा फलाटावर उभी राहून ओरडत होती, "अरे, थांबा! एकेकानं बोला! मी लिहून घेते!"